आधी टेबल मोजा, मग दुकानात जा

वाचकांचे प्रश्न : हात आणि काम

मागच्या अंकात संगणकावर काम करणाऱ्यांच्या मनगटदुखीविषयी थोडं लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत बहुतेकांचा रोख एकच आहे : हाताला सोपा जाणारा वायरलेस कीबोर्ड आणि माऊस कोणता घ्यावा? मी व्यवसायोपचारतज्ज्ञ आहे, हाताचे रुग्ण बघते, कचेऱ्यांमध्ये जाऊन लोकांची बसण्याची जागाही बघते. कोणत्याही कंपनीशी माझा संबंध नाही. खाली काही मॉडेलांची नावं घेतली आहेत ती आकार समजावा म्हणून. तुमच्या हाताला तेच बसेल असं त्यातून धरू नका.

प्रश्न : मी कोल्हापुरात एका छापखान्यात डीटीपी करते. रोज सात-आठ तास मराठी टायपिंग, सगळं इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डच्या मांडणीत. गेले काही महिने डाव्या मनगटात करंगळीच्या बाजूने ठणका लागतो. संध्याकाळी कणीक मळतानाही जाणवतो. मधून दुभागलेला वायरलेस कीबोर्ड आणि सोबत माऊस घ्यावा असं मनात आहे. घरचे म्हणतात, टायपिंगने कुठे हात दुखतो का? पाच हजारांपर्यंत खर्च करू शकते. ताई, काय घेऊ?

दुखतो. घरच्यांना हे पान वाचायला द्या. बोटं हलवणारे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखाली असतात आणि त्यांच्या लांब दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत जातात. मनगट वाकडं ठेवून दिवसभर त्या दोऱ्या ओढल्या तर त्या चिडतात, सुजतात. वजन उचललं नाही म्हणून हात दुखायचा नाही, हा समज मी रोज ऐकते आणि त्यापायी बायका दुखणं वर्षभर अंगावर काढतात, याचा मला मनापासून राग येतो.

तुमच्या पत्रातला ‘डाव्या’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटला. संगणकाच्या दुखण्याचा विषय निघाला की सगळ्यांचं लक्ष माऊसच्या, म्हणजे उजव्या हाताकडे जातं. पण इनस्क्रिप्टची मांडणी आठवा. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती प्रमाण ठरवली, तेव्हा स्वर आणि मात्रा डाव्या हाताला दिल्या, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. हलन्त डावीकडे, अनुस्वार डावीकडे, म, न, व डावीकडे. शिवाय ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ ही सगळी अक्षरं शिफ्ट धरून उमटतात आणि ती उजव्या बाजूला असल्यामुळे शिफ्ट दाबायचं काम डाव्या करंगळीकडे येतं. ‘धोरण’ हा शब्द टाइप करून बघा. ध साठी डाव्या करंगळीने शिफ्ट, आणि लगेच ओकाराची मात्रा, तीही त्याच करंगळीने. थोडं, घोडा, खोली, छोटा, फोन, धोका, भोवती... दिवसभरात असे शब्द किती येतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. इंग्रजी टायपिंग करणाऱ्या माणसाला डाव्या करंगळीवर एवढा भार कधी येत नाही, म्हणून परदेशी जाहिरातींत तुमच्या दुखण्याचा उल्लेख सापडणार नाही.

त्यात सरळ कीबोर्डची भर पडते. आपले खांदे अक्षरांच्या पट्ट्यापेक्षा रुंद असतात. हात दोन्हीकडून आत येतात आणि बोटं बटणांवर सरळ बसावीत म्हणून मनगट करंगळीच्या बाजूला मुरडावं लागतं. करंगळी शिफ्टकडे ताणली की ते आणखी मुरडतं. दुभागलेला किंवा मधून कोन दिलेला कीबोर्ड नेमकं हे मुरडणं कमी करतो. त्यामुळे तुम्ही मनात धरलेली वस्तू तुमच्या दुखण्याला बरोबर लागू आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना मी आधी माऊस बदलायला सांगते, तुम्हाला नाही सांगणार.

पण पैसे खर्च करण्याआधी तीन गोष्टी करा, त्यांना काही पडत नाही.

नेहमीच्या खुर्चीवर नेहमीसारखं बसा, खांदे सैल सोडा, कोपर अंगालगत ठेवा आणि कोणाला तरी जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर टेपने मोजायला सांगा. मग जमिनीपासून कीबोर्डच्या मधल्या ओळीपर्यंतचं मोजा. आपल्याकडची टेबलं ७५ सेंटिमीटरच्या आसपास उंच असतात. पाच फुटांच्या बाईचे पाय जमिनीला टेकलेले असताना तिचं कोपर पुष्कळदा ६०-६५ सेंटिमीटरवरच असतं. म्हणजे हात चढणीवर ठेवून आठ तास काम. अशा टेबलावर बारा हजारांचा कीबोर्ड ठेवला तरी खांदे वर चढलेलेच राहतील. खुर्ची उंच करा आणि पाय लोंबकळायला लागले तर खाली घरातला पाट घ्या. एक कमी पडला तर दोन एकमेकांवर ठेवा, मात्र ते डुगडुगणार नाहीत एवढं बघा. कोपर बटणांच्या पातळीत किंवा किंचित वर आलं की पुरे.

दुसरं, कीबोर्डच्या मागचे छोटे पाय मिटवून टाका. ते उभे केले की मागची बाजू उंच होते आणि मनगट पाठीमागे मोडतं. अक्षरं नीट दिसावीत एवढाच त्यांचा उपयोग, आणि तुम्हाला अक्षरांकडे बघायची गरजच नाही.

तिसरी गोष्ट तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची. विंडोजमध्ये ‘स्टिकी कीज’ नावाची सोय आहे. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की ती चालू करायची का, असं विचारलं जातं. चालू केली की शिफ्ट धरून ठेवावं लागत नाही. एकदा दाबून सोडायचं, मग अक्षर दाबायचं. करंगळी ताणून धरणं एकदम थांबतं. पहिले काही दिवस गती कमी होईल, पण हात शिकतो.

आता खरेदी. पाच हजारांत दुभागलेला, वायरलेस, चांगल्या बटणांचा आणि वर माऊस, असा जोड मिळणं कठीण आहे. लॉजिटेकचा अर्गो के ८६० या प्रकारातला चांगला कीबोर्ड आहे, पण तो दहा हजारांच्या वर जातो. त्याचे पाय मागे नसून पुढे, तळहाताच्या बाजूला आहेत. त्यामुळे तो उलट्या बाजूने, चार किंवा सात अंशांनी उतरता ठेवता येतो. हा विचार मला फार आवडतो. मायक्रोसॉफ्टने १९९४ साली आपला पहिला नॅचरल कीबोर्ड आणला, त्यानंतर हे आकार घराघरांत पोहोचले. पुढे आलेला त्यांचा स्कल्प्ट हा वायरलेस जोडही अनेकांच्या हाताला बसला होता. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये आपल्या नावाने ही उपकरणं काढणं बंद केलं. त्यामुळे कोणी जुना साठा स्वस्तात देत असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा : त्याचा रिसीव्हर, म्हणजे संगणकाला खोचायचा छोटा तुकडा, हरवला की तो जोड निकामी होतो, दुसरा रिसीव्हर त्याला जुळत नाही.

माझं तुम्हाला सांगणं असं की कीबोर्डच्या बाबतीत वायरलेसचा आग्रह सोडा. कीबोर्ड जागचा हलत नाही, वायरने हाताला काही होत नाही. ते पैसे आकारात घाला. वायरचा दुभागलेला किंवा कोन दिलेला कीबोर्ड बराच स्वस्त पडतो. माऊस मात्र वायरलेस असावा, कारण माऊसची वायर टेबलाच्या कडेला अडकते आणि प्रत्येक हालचालीला हात तिला ओढत राहतो.

घेताना मराठीसाठी काही गोष्टी बघा. दुभागलेल्या कीबोर्डवर बी हे बटण डाव्या भागात असतं, म्हणजे आपला व डावीकडे. तुम्ही तो उजव्या तर्जनीने मारत असाल तर बोट मधल्या फटीत पडेल. सहाचा आकडा काही कीबोर्डांत डाव्या भागात असतो, काहींत उजव्या. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि सहा म्हणजे त्र, तेव्हा तुमचा हात कुठे जातो ते आधी पाहा. फार छोट्या कीबोर्डांत उजवीकडची बटणं बारीक केलेली किंवा काढलेली असतात. इंग्रजीवाल्याचं तिथे चौकटी कंस आणि अवतरणचिन्हाशिवाय फारसं काही अडत नाही, आपले ड आणि ट मात्र तिथेच असतात. देवनागरी स्टिकर लावणार असाल तर खोलगट बटणांवर ते कडेने सुटतात, हेही ठाऊक असू द्या.

आणि एक. दिवाळी अंकांचं काम अंगावर असताना कीबोर्ड बदलू नका. नवा आकार हाताला बसायला दोन-तीन आठवडे लागतात, त्या काळात गती पडते आणि चुका वाढतात. मुदतीच्या धाकाने तुम्ही पुन्हा जुन्याकडे वळाल आणि नवा कीबोर्ड कपाटात जाईल. कामाचा जोर ओसरला की घ्या. तोवर पाट आणि स्टिकी कीज. सहा आठवड्यांत ठणका उतरला नाही, किंवा करंगळीला मुंग्या यायला लागल्या, तर मात्र हाताच्या डॉक्टरांना दाखवा. करंगळीची नस कोपराच्या आतल्या बाजूने येते, दुखणं तिथलंही असू शकतं.

प्रश्न : सोलापुरात सीएच्या कार्यालयात आर्टिकलशिप करतो आहे. दिवसभर टॅली आणि एक्सेल. उजवा खांदा आणि कोपराची बाहेरची बाजू दुखते. उभा माऊस घ्यावा का? आकड्यांच्या बटणांशिवाय माझं चालणार नाही.

उभा माऊस घ्या, पण आधी तुझा माऊस कुठे आहे ते बघू. (आर्टिकलशिप म्हणजे तू माझ्या मुलाच्या वयाचा असशील, म्हणून एकेरी लिहिते.) पूर्ण कीबोर्ड साधारण ४४ सेंटिमीटर रुंद असतो. अक्षरांचा मध्य नाभीसमोर ठेवला की उजवीकडे बाणांची बटणं, मग आकड्यांचा खण, आणि त्याच्याही पलीकडे माऊस. हात इतका लांब टांगून ठेवला की खांद्याला विसावा मिळत नाही. खांदेदुखीचं कारण मला हे अंतर वाटतं. माऊसच्या आकाराचा दोष त्यात कमी आहे.

यावर सरळ उपाय म्हणजे आकड्यांचा खण नसलेला कीबोर्ड घेणं, जो ३६ सेंटिमीटरच्या आसपास असतो, आणि आकड्यांची बटणं स्वतंत्र वायरलेस पॅडवर ठेवणं. तो पॅड डावीकडे ठेवून डाव्या हाताने आकडे मारायची सवय लावलेले लेखापाल मी पाहिले आहेत. उजवा हात माऊसवर, डावा आकड्यांवर, काम झपाट्याने होतं. हे जमणार नसेल तर पॅड उजवीकडेच ठेव, पण आकडे भरताना तो जवळ ओढ आणि माऊस बाजूला कर, माऊस लागला की उलट. सुटा असल्याचा एवढा फायदा घेतलाच पाहिजे. टॅलीत तर बरंचसं काम बटणांनीच होतं. उगाच माऊसकडे हात नेण्याची खोड मोडता येते का तेही बघ.

कोपराच्या बाहेरची दुखरी जागा म्हणजे मनगट मागे खेचणाऱ्या स्नायूंचं मूळ. माऊस घट्ट आवळून धरणाऱ्यांना आणि मनगट मागे मोडून क्लिक करणाऱ्यांना तिथे दुखतं. सपाट माऊसवर तळवा पूर्ण खाली वळवावा लागतो, उभ्या माऊसवर तो हस्तांदोलनाच्या स्थितीत राहतो. लॉजिटेकच्या एमएक्स व्हर्टिकल आणि लिफ्ट या दोन्हींचा कोन ५७ अंशांचा आहे. पहिला मोठ्या हातासाठी आहे, दुसरा लहान आणि मध्यम हातासाठी. फरक दिसायला किरकोळ आहे, पण मोठा माऊस लहान हातात आला की बोटं टोकाला पोहोचण्यासाठी ताणतात आणि आपण पुन्हा आवळून धरतो. दुकानात गेलास तर हात माऊसवर ठेव आणि डोळे मिट. करंगळी टेबलावर घासत नाही ना? अंगठा कुठे टेकतो? क्लिक करताना माऊस बाजूला सरकतो का? उभ्या माऊसला बाजूने दाब पडतो, म्हणून हलका, गुळगुळीत तळाचा माऊस क्लिकसरशी सरकतो आणि एक्सेलच्या बारीक चौकटींत ते फार त्रासाचं होतं.

हजार-दीड हजारातले उभे माऊसही मिळतात. हा आकार आपल्याला मानवतो का हे कळण्यासाठी ते पुरेसे आहेत. चाक आणि क्लिक लवकर ढिले होतात, ते मनात धरूनच घे. मानवला तर वर्षाने चांगला घे. पॉइंटरचा वेगही थोडा वाढव म्हणजे हात कमी फिरेल. फार वाढवलास तर चौकट पकडण्यासाठी हात ताठ धरावा लागेल, तेवढं करू नकोस.

प्रश्न : वय ५४, नागपूर. न्यायालयात लघुलेखक आहे. मधुमेह आहे. रात्री उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. उभा माऊस आणि मनगटाखाली जेलची उशी घेतली तर हे जाईल का, मॅडम?

तुमचा प्रश्न खरेदीचा नाही, म्हणून सरळ सांगते : आधी डॉक्टर. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग या टापूची संवेदना मीडियन नावाच्या एका नसेकडे असते. करंगळी तिच्याकडे नसते. ही नस मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाते. तिथे ती दबली की तुम्ही लिहिलं आहे तसंच होतं, रात्री जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं. मधुमेह आणि थायरॉइडची कमतरता असणाऱ्यांमध्ये, तसंच गरोदरपणी, हे अधिक दिसतं. मधुमेहात नसा इतर कारणांनीही दुखावतात, म्हणून नसेच्या वहनाची तपासणी करून नेमकं काय ते ठरवावं लागतं. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा सपाट दिसत असेल, किंवा शर्टाची बटणं लावताना अंगठा कमी पडत असेल, तर या आठवड्यातच जा.

उभ्या माऊसबद्दल : ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. या आजाराच्या रुग्णांच्या बोगद्यातला दाब त्यांनी प्रत्यक्ष मोजला. उभ्या माऊसने आणि खास माऊसपॅडने मनगटाची स्थिती बदलली, पण आतला दाब कमी झाला नाही. उभ्या माऊसने कोपर, दंड, खांदा यांना आराम पडतो असं मी म्हणते, या नसेचं औषध म्हणून तो मी कोणाला सांगत नाही.

जेलच्या उशीवर मनगट टेकवून टाइप करू नका. नस नेमकी तिथेच, त्वचेच्या खाली आहे आणि उशी तिला खालून दाबते. ती उशी टायपिंग थांबलं की हात ठेवण्यासाठी आहे, तेही तळहाताची टाच ठेवून. तुमच्या हातात आज असलेली गोष्ट म्हणजे मनगट सरळ ठेवणं. झोपेत आपण मनगट मुडपून ठेवतो, म्हणून रात्री सरळ धरून ठेवणारी पट्टी बांधायला देतात. ती बाजारातून मापाशिवाय आणू नका, उपचारतज्ज्ञांकडून बसवून घ्या.

प्रश्न : डोंबिवलीत घरून काम करते. नवा वायरलेस माऊस अडखळतो, कीबोर्डवर अक्षरं दुप्पट उमटतात किंवा गाळली जातात. दुकानदाराने बदलून दिला, तरी तेच. घरात वायफाय आहे म्हणून असं होतं का?

तुमच्या लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क किंवा निळ्या तोंडाच्या पोर्टला एखादा हब जोडलेला आहे का? माझा संशय तिकडे आहे. वायरलेस माऊसचा रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात बोलतो. यूएसबी ३ या वेगवान पोर्टमधून, केबलमधून आणि हार्ड डिस्कमधून त्याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्येच हे सविस्तर मांडलं होतं. त्या पोर्टशेजारी इवलासा रिसीव्हर खोचला की त्याला माऊसचा आवाज ऐकू येत नाही. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या साध्या पोर्टला लावून बघा. तसा पोर्ट नसेल तर फूटभराची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन रिसीव्हर टेबलावर, माऊसजवळ आणा. शे-दीडशे रुपयांत हा त्रास सुटलेला मी अनेकांच्या टेबलावर पाहिला आहे. टेबल लोखंडी असेल आणि रिसीव्हर खाली ठेवलेल्या संगणकाच्या डब्याच्या पाठीमागे असेल, तरी असंच होतं.

वायफायही याच पट्ट्यात असतं. राउटर ५ गिगाहर्ट्झवर चालत असेल तर लॅपटॉप त्याला जोडा. सेलही तपासा. त्यात आपले साधे पेन्सिल सेल असतील तर जास्त दिवस न वापरायच्या उपकरणात ते ठेवू नका. पावसाळ्यात मुंबई-कोकणाच्या दमट हवेत ते पाझरून आतली पत्री खाऊन टाकतात.

एक जाताजाता : बँकेचं, कार्यालयाचं गोपनीय काम करत असाल तर कीबोर्ड-रिसीव्हरमधला संवाद एन्क्रिप्टेड, म्हणजे दुसऱ्याला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात, आहे असं खोक्यावर लिहिलेलं पाहूनच घ्या. २०१६ मध्ये काही स्वस्त वायरलेस कीबोर्डांवर टाइप केलेलं दुरून वाचता येतं, असं संशोधकांनी दाखवलं होतं.

प्रश्न : मी हिंगोलीची. बारावी झाली, मराठी ३० शब्दांची टायपिंगची परीक्षा देणार आहे. दुभागलेल्या कीबोर्डवर सराव केला तर चालेल का? हात खूप भरून येतात.

नको गं. परीक्षा केंद्रावर तुझ्यासमोर साधा सरळ कीबोर्ड असणार, सरावही त्यावरच कर. तुझे हात भरून येतात ते बहुधा बटणं आपटण्यामुळे. साध्या कीबोर्डचं बटण ५०-६० ग्रॅमच्या दाबाने खाली जातं. नव्याने शिकणारी मुलं भीतीने त्याच्या कितीतरी पट जोर लावतात. आवाज कमी येईल अशा रीतीने टाइप करून बघ, गती आपोआप वाढते. अर्धा तास सराव, पाच मिनिटं हात मोकळे, मग पुन्हा. क्लासमधलं टेबल उंच असेल तर खुर्चीवर उशी घे. सरांना विचारायला लाजू नकोस.

प्रश्न : मुलगी लीड्सला असते, दिवाळीत येताना माझ्यासाठी तिकडून चांगला वायरलेस कीबोर्ड आणणार आहे. मी नाशिकला राहतो, अनुवादाचं काम करतो, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. तिकडचा घ्यायला हरकत नाही ना?

तिने प्रेमाने आणलेल्या वस्तूला नाही म्हणवत नाही, म्हणून आणण्याआधीच सांगून ठेवा. ब्रिटनमधल्या कीबोर्डची मांडणी आपल्यापेक्षा वेगळी असते. आपण इथे अमेरिकी मांडणी वापरतो. तिकडच्या कीबोर्डात एंटरचं बटण उभं आणि अरुंद, आणि डावं शिफ्ट आखूड, कारण शिफ्ट आणि झेड यांच्यामध्ये एक जादा बटण घुसवलेलं असतं. वर कोल्हापूरच्या ताईंना लिहिलं आहे ते वाचलंत तर कळेल : मराठीत डाव्या करंगळीला शिफ्टची किती गरज लागते. ते आखूड झालं की करंगळीला आणखी एक बटण ओलांडून जावं लागतं. ख च्या जागी क आणि ध च्या जागी द पडत राहील आणि मनगट तुमचं मुरडेल. शिवाय वॉरंटी अनेकदा घेतलेल्या देशापुरती असते. मुलीला माऊस आणायला सांगा, त्याला भाषा नसते. फक्त तुमच्या हाताचं माप तिला कळवा : मनगटाच्या पहिल्या वळीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, हात टेबलावर सपाट ठेवून. कीबोर्ड इथे घ्या, तोही शक्यतो दुकानात बोटं चालवून.

प्रश्न : फोंडा, गोवा. निवृत्त शिक्षिका आहे. आठवणी लिहायला घेतल्या आहेत. दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आहे, माऊस धरला की कळ येते. भाच्याने ट्रॅकबॉल सुचवला आहे. घेऊ का?

ट्रॅकबॉल, म्हणजे जागचा न हलवता नुसता गोळा फिरवून चालवायचा माऊस, घ्या, पण कोणता ते नीट बघा, कारण यात दोन जाती आहेत आणि भाच्याच्या मनात बहुधा चुकीची असेल. लॉजिटेकच्या एम ५७५ किंवा एमएक्स अर्गो यांत गोळा अंगठ्याने फिरवायचा असतो. चांगल्या वस्तू आहेत, पण तुमचं दुखणं जिथे आहे तिथेच सगळा भार जाईल. तुम्हाला मोठा गोळा मधोमध असलेला हवा, बोटांनी, तळव्यानेसुद्धा फिरवता येणारा. केन्सिंग्टनचा एक्सपर्ट माऊस असा आहे, वायरलेसही मिळतो. दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे एक दिवस उजव्या हाताने, एक दिवस डाव्या हाताने चालवता येतो. तुमचे दोन्ही अंगठे दुखतात, त्यामुळे ही अदलाबदल कामाची आहे. मुख्य क्लिकचं काम अंगठ्याकडे असेल तर सेटिंगमधून ते दुसऱ्या बटणावर न्या. एवढं भाच्याकडून करून घ्या. गोळ्याखाली धूळ आणि हाताचा मळ साठून तो अडकायला लागतो, तेव्हा गोळा काढून आतले टेकू कोरड्या फडक्याने पुसायचे.

स्पेसबारचं काय? तोही अंगठ्याने दाबतो आपण. हलकं बटण असलेला कीबोर्ड पाहा आणि स्पेस तर्जनीने मारायला काही हरकत नाही, कोणी परीक्षा घेत नाही. त्याहून चांगलं म्हणजे पहिला खर्डा बोलून लिहा. क्रोम ब्राउझरमध्ये गूगल डॉक्स उघडलं की टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग आहे, त्यात मराठी निवडता येते. तुम्ही शिक्षिका, उच्चार स्वच्छ असणार, बरंच बरोबर उमटेल. विरामचिन्हं आणि ऱ्हस्व-दीर्घ मागाहून हाताने दुरुस्त करावे लागतील, पण अंगठ्यांचं बहुतेक काम वाचलेलं असेल. लॅपटॉपचा आतला माइक पंख्याचा आवाज पकडतो, तेव्हा मोबाइलबरोबर आलेला माइकवाला इअरफोन लावा आणि एकेक परिच्छेद बोलून थांबा.